यूथा जॉइस यांच्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यूथा जॉइस म्हणजे नेमक्या कोण?

सत्तरच्या दशकात ब्रिटिश टीव्ही गाजवणाऱ्या अभिनेत्री. आधी 'मॅन अबाउट द हाउस' आणि मग 'जॉर्ज अँड मिल्ड्रेड' या आयटीव्हीवरच्या दोन विनोदी मालिकांत त्यांनी मिल्ड्रेड रोपर ही घरमालकीण रंगवली आणि घराघरात पोचल्या. जन्म २० ऑगस्ट १९२७, लंडनच्या वाँड्सवर्थ भागातला. मृत्यू २४ ऑगस्ट १९८०. वयाची ५३ वर्षं पूर्ण होऊन जेमतेम चार दिवस झाले होते.

त्यांच्याबद्दल विचारणाऱ्या बहुतेकांना दोनच गोष्टी ठाऊक असतात: मिल्ड्रेड त्यांनी केली, आणि दारूने त्यांचा बळी घेतला. या दोहोंच्या मधलं सगळं गळून जातं. म्हणून खालच्या उत्तरांत त्यावर जास्त वेळ घालवला आहे.

'यूथा' हे कसलं नाव?

इंग्लंडमध्येही हे नाव कुणी ऐकलेलं नसायचं. वडील गायक आणि आई पियानोवादक, म्हणजे घर कलावंतांचं. वडिलांच्या दौऱ्यावरच्या कंपनीत न्यूझीलंडची एक नर्तकी होती, तिचंच नाव मुलीला ठेवलं, असं सांगितलं जातं. बाईंना ते फारसं आवडत नसे. आडनाव खरं तर नीडहॅम. जॉइस हे मधलं नाव होतं, तेच पुढे रंगभूमीवर आडनाव म्हणून लावलं.

अभिनय त्या कुठे शिकल्या?

पंधराव्या वर्षी शाळा सुटली आणि मग राडा, म्हणजे लंडनची रॉयल अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्ट. पुढे जेम्स बाँड झालेले रॉजर मूर तिथे त्यांच्याबरोबर शिकत होते. हे वाक्य त्यांच्यावरच्या प्रत्येक लेखात सापडतं. पण त्यांची खरी शाळा राडा नव्हे.

ती होती जोन लिटलवुड यांची 'थिएटर वर्कशॉप' ही नाटक मंडळी. १९५३पासून या मंडळींचा मुक्काम पूर्व लंडनमधल्या स्ट्रॅटफर्डच्या थिएटर रॉयलमध्ये होता. थिएटर जुनं, पडझड झालेलं, आणि आजूबाजूला कामगारवस्ती. मध्य लंडनमधल्या वेस्ट एंड या नाट्यगृहांच्या भागातल्या चकचकीत नाटकांत दिवाणखाने आणि चहाचे कप असायचे. लिटलवुडबाईंच्या नाटकांत बाजारातल्या, गुत्त्यातल्या, गल्लीतल्या माणसांची भाषा यायची. पगार नावापुरता. तालमीत संहितेपेक्षा उत्स्फूर्त खेळांवर भर. पात्र कसं चालतं, कुठे अवघडतं, दुसऱ्याच्या अंगाजवळून जाताना काय करतं, हे शरीराने शोधून काढायचं आणि शब्दांना नंतर हात घालायचा, अशी ती पद्धत. आज जो नट नायक तो उद्या कोपऱ्यात उभा, त्यामुळे 'मी मोठी नटी' हा तोरा तिथे टिकतच नसे.

हॅरी एच. कॉर्बेट, बार्बरा विंडसर, व्हिक्टर स्पिनेटी, मरी मेल्विन अशी माणसं या मंडळींतून पुढे आली. ब्रायन मर्फीही त्यातलेच. पंधराएक वर्षांनी हेच मर्फी टीव्हीवर जॉर्ज होऊन मिल्ड्रेडच्या शेजारी सोफ्यावर बसले. त्या जोडीतली सहजता पाहून लोक थक्क होतात, पण एकमेकांचा श्वास कुठे थांबतो हे दोघांना स्ट्रॅटफर्डच्या तालमींपासूनच ठाऊक होतं. १९६०च्या आसपास 'फिंग्ज एन्ट वॉट दे यूज्ड टी बी' या संगीत नाटकाने यूथा जॉइस यांचं नाव झालं आणि १९६३मध्ये लिटलवुड यांनीच दिग्दर्शित केलेल्या 'स्पॅरोज कान्ट सिंग' या चित्रपटातून त्या पडद्यावर आल्या.

मिल्ड्रेडच्या आधी त्यांनी काही विशेष केलं होतं का?

केलं होतं, आणि माझ्या मते त्यांच्या आयुष्यातलं सर्वांत धारदार काम मिल्ड्रेडच्या आधीचं आहे. १९६४चा 'द पम्पकिन ईटर' पाहा. दिग्दर्शक जॅक क्लेटन, पटकथा हॅरॉल्ड पिंटर यांची, नायिका अ‍ॅन बँक्रॉफ्ट. बँक्रॉफ्टना या भूमिकेसाठी कान महोत्सवात अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. यूथा जॉइस यांना त्यात एकच प्रसंग आहे, आणि पात्राला नावसुद्धा नाही. ती नुसती 'सलूनमधली बाई'.

केस वाळवायच्या यंत्राखाली दोघी शेजारी शेजारी बसल्या आहेत. या बाईने नायिकेचा फोटो मासिकात पाहिलेला असतो. ती ओळखते, लाघवीपणे बोलायला लागते, तोंडभरून स्तुती करते. आपण असतो तसे नायिकेबरोबर जरासे अवघडलेले, कधी एकदा ही बाई गप्प होते याची वाट पाहत. मग ती हळूच स्वतःबद्दल बोलते. तिच्या संसारात काही उरलेलं नाही, नवऱ्याला तिच्यात रस नाही, हे ती अनोळखी बाईला सांगून टाकते. तिथे आपल्याला तिची दया येते, आणि नेमक्या त्याच क्षणी आवाज बदलतो. डोळे बारीक होतात. मघाची चाहती आता धमकी देते आहे, हे कळेपर्यंत प्रसंग संपत आलेला असतो. मोजून काही मिनिटं. त्यात कौतुक, याचना आणि हिंसा या तीन पायऱ्या त्या चढतात, आणि एका पायरीवरून दुसरीवर पाय कधी पडला ते दिसत नाही.

नवऱ्याला जिच्यात रस नाही अशी बाई. हाच धागा दहा वर्षांनी मिल्ड्रेडमध्ये विनोद होऊन आला.

याशिवाय क्लेटन यांचाच 'अवर मदर्स हाउस' (१९६७), टलूला बँकहेडबरोबरचा हॅमर कंपनीचा भयपट 'फनॅटिक' (१९६५), अल्बर्ट फिनी यांचा 'चार्ली बबल्स'. ऑस्करविजेत्या 'अ मॅन फॉर ऑल सीझन्स'मध्येही (१९६६) त्या आहेत. ज्या चांदीच्या पेल्यावरून पुढे सर थॉमस मोर यांच्यावर लाचखोरीचा आळ आणायचा प्रयत्न होतो, तो पेला देऊ करणारी बाई त्यांनी केली आहे. टीव्हीवर 'स्टेप्टो अँड सन', 'द अ‍ॅव्हेंजर्स' अशा मालिकांत एखाद्या भागापुरत्या त्या सतत दिसत. १९६८ ते १९७१ या काळात मिलो ओ'शे यांच्याबरोबर 'मी मॅमी' ही विनोदी मालिका केली. म्हणजे मिल्ड्रेड मिळाली तेव्हा त्या ४५ वर्षांच्या होत्या आणि सलग काम करणाऱ्या कसलेल्या नटी होत्या.

त्यांचं लग्न झालं होतं का?

हो. नट ग्लिन एडवर्ड्स यांच्याशी, १९५६मध्ये. थिएटर वर्कशॉपचा रस्ता त्यांनीच दाखवला. एडवर्ड्स यांना ब्रिटिश प्रेक्षक 'माइंडर' या मालिकेतला बारवाला डेव्ह म्हणून ओळखतात. १९६८मध्ये घटस्फोट झाला, तरी मैत्री तुटली नाही. मूल नव्हतं. घटस्फोटानंतरच्या नात्यांबद्दल बरंच छापून आलं आहे, पण त्यातली माणसं सार्वजनिक आयुष्यातली नव्हती, त्यामुळे इथे तो विषय नको.

'मॅन अबाउट द हाउस' कशाबद्दल होती?

लंडनच्या अर्ल्स कोर्ट भागातल्या एका घरात दोन तरुणी राहत असतात. पार्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या बाथटबमध्ये एक तरुण झोपलेला सापडतो. त्याला स्वयंपाक येतो, म्हणून त्या त्याला भाडेकरू म्हणून ठेवून घेतात. १९७३ साली अविवाहित मुलामुलींनी एका छताखाली राहायचं हीच मोठी गोष्ट होती. रिचर्ड ओ'सलिव्हन, पॉला विलकॉक्स आणि सॅली टॉमसेट हे तिघं तरुण, आणि खालच्या मजल्यावर घरमालक जॉर्ज आणि मिल्ड्रेड रोपर. लेखक जॉनी मॉर्टिमर आणि ब्रायन कुक. १९७३ ते १९७६ या काळात एकूण ३९ भाग झाले.

रोपर जोडपं कथेत दुय्यम होतं, पण प्रेक्षकांनी त्यांनाच उचलून धरलं. म्हणून थेम्स टेलिव्हिजनने १९७६मध्ये त्यांना स्वतंत्र मालिका दिली: 'जॉर्ज अँड मिल्ड्रेड'. अर्ल्स कोर्टचं घर नगरपालिका ताब्यात घेते आणि दोघं हॅम्प्टन विक या उपनगरात, ४६ पीकॉक क्रेसेंट इथे राहायला जातात. शेजारी फोरमाइल कुटुंब. जेफ्री फोरमाइल घरांची दलाली करणारा आणि आपण कसे वरच्या दर्जाचे याची सतत काळजी वाहणारा. त्याला शेजारी मिळतो तो जॉर्ज. पाच हंगाम, ३८ भाग, शेवटचा १९७९च्या ख्रिसमसला.

मिल्ड्रेड लोकांना इतकी का आवडली?

वरवर पाहिलं तर ती साचेबद्ध कजाग बायको आहे. नवरा आळशी, कामधंदा टाळणारा, आणि बायकोने जरा लाडिक नजर टाकली की डोकेदुखीचं निमित्त काढून पेपरमागे लपणारा. त्याला टोमणे मारणारी बायको, हा विनोद ब्रिटिश नाटकमंडळ्यांत शंभर वर्षं चालत आला होता. त्या जुन्या विनोदात हशा बाईवर असायचा. इथे तो जॉर्जवर उलटतो. मिल्ड्रेडला हवं काय, तर नवऱ्याने जवळ घ्यावं, कधी चार लोकांत बाहेर न्यावं, घर जरा बरं असावं. मागणं अगदी रास्त आहे. अशा बाईला त्या काळच्या टीव्हीवर हास्यास्पद ठरवणं सोपं होतं. यूथा जॉइस यांनी तिला एकदाही हास्यास्पद होऊ दिलं नाही.

हे साधलं कसं, ते कुठलाही एक भाग आवाज बंद करून पाहिला तर कळतं. भडक नक्षीचा झगा, गळ्यात मण्यांच्या माळा, कानात मोठाली लोंबती डूल, केस रचून बसवलेले. जॉर्ज काहीतरी बावळट बोलतो. त्या लगेच उत्तर देत नाहीत. आधी मान वळते, मग नजर त्याच्या डोक्यापासून पायापर्यंत एकदा उतरते, ओठ एका कोपऱ्यात किंचित खेचले जातात, आणि प्रेक्षक इथेच हसू लागतात. वाक्य त्यानंतर, हशा ओसरता ओसरता, अगदी खालच्या पट्टीत येतं. प्रत्यक्ष प्रेक्षकांसमोर चित्रण होत असताना ही वेळ पकडणं म्हणजे घड्याळजींचं काम.

आणि मधूनच, एखाद्या क्षणापुरता, चेहऱ्यावरचा तो ताठा गळतो. लग्नाचा वाढदिवस जॉर्ज विसरला आहे हे लक्षात आल्यावर, किंवा शेजारणीचं मूल पाहताना. हुकमी विनोदी मालिकेत असा क्षण घालायला लेखक धजावतात कारण तो पेलणारी नटी समोर असते. सलूनमधली बाई इथे मला पुन्हा दिसते.

प्रत्यक्षात त्या मिल्ड्रेडसारख्याच होत्या का?

नाही. मिल्ड्रेड ओढूनताणून 'वरच्या' लोकांसारखं बोलू पाहते, बाईंचं बोलणं मुळातच सुसंस्कृत, कमावलेलं होतं. त्या संकोची होत्या आणि त्यांचा प्राण्यांवर विलक्षण जीव होता. रस्त्यात लोक 'मिल्ड्रेड' म्हणून हाक मारत. त्यात प्रेमच होतं, पण चाळिशीपर्यंत पिंटरचे संवाद बोललेल्या बाईला दिवसभर दुसऱ्याच नावाने ओळखलं जाणं जड गेलं असणार.

म्हणजे भूमिकेचा शिक्का बसला, हे खरं का?

खरं. १९७३नंतर त्यांना मिल्ड्रेडहून वेगळं असं काही जवळजवळ मिळालंच नाही. मालिका, तीच मालिका रंगमंचावर, आणि मग तिचाच चित्रपट. थेम्सला या जोडीतून प्रेक्षक मिळत होते, त्यामुळे थांबायला कुणी तयार नव्हतं. १९८०च्या उन्हाळ्यात आलेला चित्रपट पाहिला तर हा थकवा दिसतो. लग्नाचा वाढदिवस साजरा करायला जोडपं महागड्या हॉटेलात जातं आणि जॉर्जला लोक भाडोत्री मारेकरी समजतात. कथा ताणलेली, आणि अर्ध्या तासाच्या भागातली लय दीड तासात कुठेच सापडत नाही. तो चित्रपट मी कुणाला सुचवत नाही.

मिल्ड्रेडच्या शिक्क्यामुळेच त्या दारूकडे वळल्या ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि त्यामागचं गृहीत चुकीचं आहे.

मृत्यूनंतर कॉरोनरपुढे, म्हणजे मृत्यूच्या कारणाची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यापुढे, रीतसर चौकशी झाली. तिथे बाईंच्या वकिलांनी सांगितलं की त्या स्वतःच्याच यशाच्या बळी ठरल्या होत्या आणि जन्मभर मिल्ड्रेड म्हणूनच ओळखलं जाण्याची त्यांना धास्ती वाटत होती. वर्तमानपत्रांनी हेच उचललं आणि तेव्हापासून 'मिल्ड्रेडने यूथाला मारलं' ही गोष्ट रूढ झाली. पण त्याच चौकशीत आणखी एक गोष्ट बाहेर आली: त्या दहा वर्षं रोज अर्धी बाटली ब्रँडी, कधी त्याहून जास्त, पीत होत्या. १९८०मधून दहा वजा करा. येतं १९७०. मिल्ड्रेड आली १९७३च्या ऑगस्टमध्ये. 'जॉर्ज अँड मिल्ड्रेड'चं स्वतंत्र यश तर त्याहून तीन वर्षं पुढचं.

म्हणजे जी नटी मिल्ड्रेड करायला स्टुडिओत आली, ती त्याआधीच आजारी होती. भूमिकेच्या शिक्क्याने आजार वाढवला असेल, सुटायची उमेद कमी केली असेल, शेवटच्या महिन्यांत तर नक्कीच. पण सुरुवात तिथे नाही. १९६८चा घटस्फोट हे कारण म्हणून पुढे करणारेही आहेत, पण कुठल्या एका दिवसावर बोट ठेवून 'इथून सुरू झालं' म्हणता येईल असा हा आजार नसतोच. मला याचा आग्रह एवढ्यासाठी आहे की 'यशाचा बळी' या गोष्टीत दारू हा नुसता दुःखाचा परिणाम होऊन बसते, आणि त्या बाई दहा वर्षं उपचाराविना राहिल्या हे बाजूला पडतं.

रोज अर्धी बाटली ब्रँडी म्हणजे किती?

आजच्या ब्रिटनमधली स्पिरिटची बाटली ७० सेंटिलिटरची असते आणि ब्रँडीत साधारण ४० टक्के अल्कोहोल. अर्ध्या बाटलीत १४० मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल भरतं. ब्रिटिश आरोग्यखातं १० मिलिलिटरला एक युनिट मोजतं, म्हणजे ही झाली १४ युनिटं. आणि तिथल्या सध्याच्या मार्गदर्शक सूचनेप्रमाणे आठवड्याला १४ युनिटांच्या वर जाऊ नये. पूर्ण आठवड्याची मर्यादा त्या रोज संपवत होत्या. त्यात बाईच्या शरीरात पाण्याचं प्रमाण पुरुषापेक्षा कमी, त्यामुळे तेवढ्याच दारूने रक्तातलं अल्कोहोल जास्त चढतं आणि यकृताला इजाही लवकर होते.

सेटवर कुणाच्याच लक्षात आलं नाही, हे कसं शक्य आहे?

त्या पितात हे लोकांना माहीत होतं. किती पितात, हे बहुतेकांना शेवटपर्यंत कळलं नाही. नाटकवाल्यांच्या आणि टीव्हीवाल्यांच्या त्या जगात काम संपल्यावर पिणं ही रोजची रीत होती, जेवणाच्या सुट्टीतसुद्धा कुणाच्या भुवया उंचावत नसत. अशा गर्दीत एकीचं पिणं वेगळं उठून दिसणार कसं?

दुसरं असं की त्या कामात कुठे कमी पडत नव्हत्या. संवाद पाठ, वेळेवर हजर, चेहरा रंगवलेला, प्रेक्षकांसमोर तोच नेमकेपणा. वर्षानुवर्षं पिणाऱ्या शरीराला दारूची इतकी सवय होते की प्यायल्यानंतर ते डळमळत नाही, उलट न प्यायल्यास हात थरथरतात. यकृतही फार दिवस तक्रार करत नाही. बराचसा भाग निकामी होईपर्यंत उरलेला भाग काम ओढत राहतो, आणि कावीळ किंवा पोटात पाणी अशी बाहेर दिसणारी लक्षणं येतात तेव्हा उशीर झालेला असतो. झोकांड्या खाणारा दारुडा ओळखायला सगळेच शिकलेले असतात. वेळेवर कामाला येणाऱ्या माणसाकडे त्या नजरेने कुणी पाहत नाही.

शेवटचे दिवस कसे गेले?

१९८०च्या उन्हाळ्यात त्यांना रुग्णालयात दाखल केलं. यकृत निकामी झालं होतं. वाढदिवस तिथेच गेला. २४ ऑगस्टला मृत्यू आला तेव्हा ब्रायन मर्फी शेजारी होते. अंत्यसंस्कार लंडनच्या गोल्डर्स ग्रीन इथल्या दाहभूमीत झाले.

मालिकेचं पुढे काय झालं?

बंद पडली. नवा हंगाम व्हायचा होता, पण मिल्ड्रेडच्या जागी दुसरी कुणी आणायचा विचारही शक्य नव्हता. मर्फी यांना १९८१मध्ये 'द इन्क्रेडिबल मिस्टर टॅनर' ही मालिका मिळाली, पण ती टिकली नाही. पुढे 'लास्ट ऑफ द समर वाइन'मधला अ‍ॅल्विन त्यांनी कित्येक वर्षं केला. २०२५च्या फेब्रुवारीत, ९२व्या वर्षी ते गेले. यूथा जॉइस यांच्याविषयी विचारलं की ते कधी टाळत नसत, आणि बोलण्यात नटी म्हणून वाटणारा आदर आधी यायचा.

त्यांचं शेवटचं टीव्हीवरचं दर्शन कोणतं?

मॅक्स बायग्रेव्ज यांच्या कार्यक्रमातलं. मृत्यूआधी चित्रित झालेला हा भाग १९८१च्या जानेवारीत, त्या गेल्यानंतर, दाखवला गेला. त्यात त्यांनी 'फॉर ऑल वी नो' हे जुनं गाणं म्हटलं आहे, निरोपाचं. आवाज तयारीचा नाही, पण शब्द कसे टाकायचे हे नाटकातल्या माणसाला शिकवावं लागत नाही. डोळे भरून आलेले दिसतात. इंटरनेटवर हा तुकडा 'तिला मरण दिसत होतं' अशा मथळ्याखाली फिरत असतो. ते मथळे वाचून मला राग येतो. गाण्यात जीव ओतणं हे त्यांचं काम होतं, आणि ते त्यांनी चोख केलं आहे.

अमेरिकन 'थ्रीज कंपनी'शी याचा काय संबंध?

ती 'मॅन अबाउट द हाउस'चीच अमेरिकन आवृत्ती. एबीसीवर १९७७ ते १९८४ चालली. तिथले रोपर म्हणजे नॉर्मन फेल आणि ऑड्रा लिंडली, आणि त्यांनाही 'द रोपर्स' ही वेगळी मालिका मिळाली, पण ती १९८०मध्येच आटोपली. अलीकडे अमेरिकेत लोक मिसेस रोपरसारखे कफ्तान, माळा आणि तांबूस कुरळे विग चढवून जथ्याने रस्त्यावर उतरतात. त्या वेशभूषेचं मूळ लंडनच्या स्टुडिओत आहे हे त्यांतल्या किती जणांना माहीत असेल कोण जाणे.

एका रेकॉर्डवर त्यांचा फोटो आहे असं ऐकलं. कोणत्या?

'द स्मिथ्स' या मँचेस्टरच्या बँडचं 'आस्क' हे १९८६चं गाणं. गायक मॉरिसी मुखपृष्ठांसाठी अनेकदा साठच्या दशकातले ब्रिटिश चेहरे निवडत असे. त्याने मिल्ड्रेड न घेता १९६५च्या 'कॅच अस इफ यू कॅन' या चित्रपटाच्या काळातल्या यूथा जॉइस घेतल्या. फोटोतली बाई पाहून पुष्कळांना आधी ओळखच पटत नाही.

'हसऱ्या चेहऱ्यामागचं दुःख' असं त्यांच्याबद्दल म्हणावं का?

म्हणू नये असं मला वाटतं. या वाक्यात असं गृहीत आहे की विनोद हा मुखवटा आणि दुःख हे खरं. त्यांचा विनोद मुखवटा नव्हता. ती स्ट्रॅटफर्डच्या थंडगार तालीमघरात वर्षानुवर्षं घासून घेतलेली विद्या होती, आणि आजारपणातही त्या विद्येने त्यांना दगा दिला नाही. प्रेक्षक हसले ते एका आजारी बाईच्या दुःखावर नव्हे, एका उत्तम नटीच्या कामावर. त्या कामावर हसताना आज कुणाला अपराधी वाटायचं कारण नाही. अपराधी वाटायचंच असेल तर अशा नटीला सात वर्षं एकाच सोफ्यावर बसवून ठेवणाऱ्या धंद्याला वाटावं.

आमच्या घरातलंही कुणी असंच लपून, रोज, पण कामात न चुकता पितं. काय करावं?

हा प्रश्न अभिनेत्रीबद्दलचा नाही, पण तिची गोष्ट वाचून येतो, म्हणून इथे ठेवला आहे. पहिली गोष्ट: बाटली ओतून देऊन पिणं एका दिवसात बंद करायला लावू नका. वर्षानुवर्षं भरपूर पिणाऱ्याने अचानक थांबवलं तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जिवावरही बेतू शकतं. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी लागते. महाराष्ट्रात पुण्याचं मुक्तांगण १९८६पासून हे काम करतं आहे, डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी ते सुरू केलं. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या मराठीतल्या सभाही शहरोशहरी भरतात, आणि तिथे नाव विचारत नाहीत. पिणारा तयार नसेल तरी घरच्यांनी स्वतः जाऊन बोलता येतं.

त्यांचं काम पाहायला कुठून सुरुवात करावी?

दोन्ही मालिका डीव्हीडीवर आहेत. बहुतेक लोक 'जॉर्ज अँड मिल्ड्रेड'चा पहिला भाग लावतात. माझा सल्ला वेगळा: आधी 'द पम्पकिन ईटर'मधला सलूनचा प्रसंग पाहा, पुढे-मागे काय आहे हे माहीत नसलं तरी चालेल. मग 'मॅन अबाउट द हाउस'चे सुरुवातीचे दोन-तीन भाग, जिथे मिल्ड्रेड अजून दारात उभी राहून चार वाक्यं बोलण्यापुरतीच आहे. तरुण भाडेकरूंना तिच्याबद्दल जिव्हाळा वाटतो आणि जॉर्जला तो अजिबात कळत नाही, ही गंमत तिथूनच सुरू होते. हॅम्प्टन विकची मालिका त्यानंतर. तिचा पहिला हंगाम सगळ्यात ताजा आहे, त्यातही फोरमाइलांचा छोटा ट्रिस्ट्रम आणि जॉर्ज यांची गट्टी जमते ते प्रसंग. १९८०चा चित्रपट वगळला तरी काही बिघडत नाही.